साडी मागावर, अ‍ॅप बाजारात

वारासिवनीच्या हातमागाच्या साडीला 2023 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पुढे काय करायचे हे मात्र मानांकनासोबत येत नाही; ते सांगायला सल्लागार लागतो. आमच्या कल्पनेतला सल्लागार नागपूरहून आला, विणकराच्या ओसरीवर बसला आणि पहिलाच प्रश्न त्याने असा टाकला की मागावरचा धोटा थांबला. "मोबाइलवर नीट दिसणारी वेबसाइट करायची, की हायब्रिड अ‍ॅप?"

"हायब्रिड म्हंजे धानासारखं का जी?" एका म्हाताऱ्याने विचारले. "दरसाल नवं बियाणं घ्या लागते तसं?"

सगळे हसले. हसायला नको होते. हायब्रिड अ‍ॅपच्या पोटात वेबचीच पाने असतात, वरून फक्त अ‍ॅपचे कवच. एकदा लिहा आणि अँड्रॉइड, आयफोन दोन्हींवर चालवा, हा त्याचा मोठा गुण. पण फोनची प्रणाली बदलली की कवच दुरुस्त करा, आणि ॲपलच्या दुकानात मांडायला दरवर्षी 99 डॉलर भरा. (गूगल एकदाच 25 घेते. तेवढाच दिलासा.) म्हाताऱ्याला सगळे आधीच कळले होते.

कपड्यांच्याच धंद्यातल्या मिंत्राने मे 2015 मध्ये वेबसाइटला कुलूप घातले होते. यायचे तर अ‍ॅपवरच या, असा बाणा. जून 2016 मध्ये कुलूप निघाले. ज्यांच्याकडे रोज नवा माल येतो, त्यांची ही गत. मग जी साडी गिऱ्हाईक बहिणीच्या लग्नाला एकदा घेते, तिच्यासाठी फोनमधली जागा कोण अडवून ठेवणार? व्हॉट्सॲपवर आलेली लिंक दाबली, काठ-पदर मोठे करून पाहिले, भाव विचारला, संपले. त्याला साधी वेबसाइट पुरते. फक्त दोन काड्यांच्या नेटवर्कमध्ये फोटो उघडले पाहिजेत.

इतके स्वच्छ असूनही ओसरीवर कौल अ‍ॅपलाच पडला, कारण अ‍ॅपचे लोकार्पण करता येते. मंचावर मोठ्या पडद्यासमोर पाहुणे बटण दाबतात, फुगे सुटतात, फोटो छापून येतो. वेबसाइटची लिंक हार घालून कशी पाठवणार? शिवाय अ‍ॅप किती जणांनी उतरवले, हा आकडा अहवालात शोभतो. किती साड्या विकल्या, हा रकाना सल्लागाराच्या तक्त्यात नव्हता.

फोनला उत्तर कोण देणार, पार्सल कोण बांधणार, फोटोतला रंग आणि हातातला रंग जुळला नाही तर साडी परत कोण घेणार, हे विषय "पुढच्या टप्प्यात" गेले. नोटिफिकेशन मात्र पहिल्याच टप्प्यात मंजूर झाले. गिऱ्हाइकाला रोज सकाळी संदेश जाईल : तुमची साडी आज इतकी विणून झाली.

"रोज सांगाचं म्हंता," म्हातारा म्हणाला, "तं सूत कोन आनून देते, तेबी लिवा त्यात."