हात दाखवून अवलक्षण

प्रत्येक मंगल कार्यालयात एक घड्याळकाका असतातच. बायकांचा हात ज्योतिष्याच्या थाटात धरतात, पण बघतात फक्त मनगट. सदऱ्याच्या खिशात भिंग. यांना किती वाजले विचारलंत तर घड्याळाचं जन्मसाल सांगतील.

परवा माझी आत्या त्यांच्या तावडीत सापडली. मनगटावर जुन्या चार आण्याएवढं चावीचं लेडीज घड्याळ. "एचएमटीची सुजाता आहे," तिने आधीच सांगून टाकलं. पण मालकिणीची साक्ष काका ग्राह्य धरत नाहीत.

"तबकडीवर लिहिलंय म्हणता? तबकडीवर जायचं नाही, ताई. दुरुस्तीवाले नवी छापून देतात. अक्षर जाड दिसलं, रेघ फुटलेली दिसली, की ओळखायचं." मग मागच्या झाकणावरचा नंबर. तोही बाद. "हा केसचा. मशीनचं काय?" (आता हे खरंच आहे. झाकण एकाचं, मशीन दुसऱ्याचं, अशी सोयरीक जुन्या घड्याळांत सर्रास आढळते. म्हणून तर या माणसाला हाकलता येत नाही.)

तिकडे गुरुजी 'सावधान' म्हणत होते, इकडे काका 1961 सालच्या बंगळूरला पोचले होते. जपानच्या सिटिझनशी करार, पहिली एचएमटी घड्याळं वगैरे. आत्याने मधेच विचारलं, "आत सतरा हिरे असतात ना हो?"

"हिरे कुठले! माणकं. तीही कारखान्यात केलेली. चाकांचे आस झिजू नयेत म्हणून बसवतात."

आत्याचा चेहरा उतरला. चाळीस वर्षं ती हिऱ्यांची मालकीण होती.

तेवढ्यात काकांनी चाकूचं पातं झाकणाच्या फटीत घातलं. खट्! आत सदऱ्याच्या बटणाएवढं मशीन, आणि त्यात इवलंसं चाक जीव मुठीत धरून मागेपुढे होत होतं. काकांनी भिंग डोळ्यात अडकवलं. "एचएमटी... सतरा ज्वेल्स... ताई, ही तर सुजाता!" शोध त्यांनीच लावला होता.

त्याच क्षणी शेवटचं मंगलाष्टक संपलं आणि चहूबाजूंनी अक्षता आल्या. एक लालचुटूक दाणा थेट मशीनमध्ये पडला. चाक थांबलं.

काकांनी भिंग न काढता बराच वेळ निरखलं. मग गंभीरपणे म्हणाले, "हा पार्ट मात्र कंपनीचा नाही."