पालीला माझ्यात रस नाही

मी पालीला घाबरतो, हे वाक्य शिकल्यासवरल्या माणसाला छापील अक्षरांत बघवत नाही. म्हणून आम्ही दोन पळवाटा काढून ठेवल्या आहेत. एक म्हणजे, 'घाबरत नाही हो, किळस येते.' आणि दुसरी, 'मला फोबिया आहे.' दुसरी जास्त भारदस्त. भित्रेपणाला ग्रीक नाव मिळालं की ते बीपी-शुगरसारखं घरंदाज दुखणं होतं, लग्नाच्या पंगतीत शेजाऱ्याला सांगता येतं. मानसोपचाराच्या पुस्तकांत मात्र या पदवीला अटी आहेत. भीती धोक्याच्या मानाने अवाजवी हवी, साधारण ६ महिने तरी मुक्कामाला असावी आणि तिच्यापायी रोजच्या जगण्यात अडथळा यायला हवा. पहिल्या दोन विषयांत मला विशेष प्रावीण्य आहे. तिसऱ्याचा निकाल राखून ठेवलाय, कारण न्हाणीघरात पाल असल्यामुळे थंडीतली आंघोळ पुढे ढकलणं हा अडथळा धरायचा की सवलत, हे ठरत नाही. पण माझं म्हणणं वेगळंच आहे. या भीतीचा मी बराच विचार केला आहे (पाल भिंतीवरून हलेपर्यंत दुसरं काही करताच येत नाही), आणि माझ्या मते ही भीती नव्हेच, हा शुद्ध गर्व आहे. पालीला घाबरणारा माणूस मनाच्या तळाशी एकच गोष्ट धरून बसलेला असतो, ती म्हणजे पालीला त्याच्यात रस आहे.

आता पालीची बाजू पाहू. घरातली चांगली खातीपिती पाल १० ग्रॅमची धरली आणि माझे ७५ किलो धरले, तर मी तिच्या साडेसात हजार पट आहे. एवढ्या आकाराची वस्तू कोणताही प्राणी खाद्य म्हणून बघत नाही; तो तिला भूगोल म्हणून बघतो. ट्यूबलाइटशेजारी ती दबा धरून बसते ती पाकोळ्या आणि चिलटांसाठी. त्या व्यवहारात माझा भाग इतकाच की विजेचं बिल मी भरतो. 'पण ती टक लावून बघते' असं आमच्या पंथातले लोक शपथेवर सांगतात. बघते खरी, पण घरातल्या पालीला मिटायला पापण्याच नसतात! डोळ्यावर पारदर्शक पडदा असतो आणि तो पुसायला ती जीभ वापरते. म्हणजे जिला आपण रोखलेली नजर समजून घामाघूम होतो, ती फक्त न मिटणारी नजर असते. पाल समोरच्या कॅलेंडरकडेही तितक्याच एकाग्रतेने बघत असते. कधी धीर करून जवळून पाहावं. उजेडात तिचं पोट मेणकागदासारखं दिसतं, अंडी असतील तर दोन पांढरे ठिपके आतून उमटलेले असतात, गळ्याखालची कातडी श्वासाबरोबर लुकलुकते. धापा टाकणाऱ्या दोघांपैकी साडेसात हजार पट मोठा कोण, हे त्या क्षणी सांगणं अवघड जातं.

कुणी म्हणेल, भीती काय अशी हिशेबाने चालते? हे आदिम आहे, रक्तात आहे. आक्षेप वजनदार आहे आणि त्याच्यामागे नावंही आहेत. मार्टिन सेलिगमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९७१ साली असं मांडलं की काही गोष्टींना घाबरायला आपण जन्मतःच तयार असतो. पुढे सुझन मिनेका आणि मायकेल कुक यांनी माकडांवर प्रयोग केले. प्रयोगशाळेत वाढलेल्या, साप म्हणजे काय हे ठाऊक नसलेल्या माकडांना चित्रफीत दाखवली. तीत दुसरं माकड खेळण्यातल्या सापाला, खेळण्यातल्या मगरीला घाबरताना दिसत होतं. बघणारी माकडं घाबरायला शिकली. मग फितीत अशी करामत केली की तेच माकड फुलांना आणि खेळण्यातल्या सशाला घाबरताना दिसावं. त्यातून मात्र कुणी काही शिकलं नाही. म्हणजे मगरीची जागा मनात आधीपासून राखीव होती, सशाची नव्हती. आमच्या घरांतून ही चित्रफीत ओट्याजवळ फुकट दाखवली जाते. आई किंचाळते, हातातलं उलथनं पडतं, आणि पाटावरचं पोर जन्मभराचा अभ्यासक्रम पाच सेकंदांत पुरा करतं. हे सगळं मला मान्य आहे. पण रक्तच बोलत असेल, तर ते इतरत्र गप्प का? सापाने आपल्या देशात दरवर्षी सरासरी ५८,००० माणसं दगावतात असा अंदाज आहे, तरी गवतातून अनवाणी जाताना आम्हाला काही होत नाही. २०२२ साली देशातल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. तरीही भर रस्त्यात, कानाला फोन लावून, येणाऱ्या ट्रकला तळहात दाखवत आम्ही आशीर्वाद दिल्यासारखे पलीकडे जातो. ट्रकला मी दिसतो आणि तो माझ्यासाठी थांबेल. पालीला मी दिसतो आणि ती माझ्यासाठी येईल. दोन्हीकडे जगाचा मध्यबिंदू तोच, ७५ किलोचा.

किळसवाल्यांचं म्हणणंही ऐकून घेऊ. पॉल रोझिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात पूर्ण निर्जंतुक केलेलं मेलेलं झुरळ फळांच्या रसात बुडवून काढलं आणि लोकांना तो रस पुढे केला. त्यात काही धोका नाही हे समजूनही लोकांना तो नकोसाच वाटला. किळस शहाणपणाचं ऐकत नाही, हे खरंच. पण किळस आली की माणूस नाक मुरडून दूर होतो. पलंगावर चढून उशी छातीशी धरत नाही. उष्ट्या ताटांच्या ढिगाची किळस येऊन कुणी मावशीकडे झोपायला गेल्याचं ऐकिवात नाही. विषाचा मुद्दा तर एका वाक्यात मिटतो. घरातल्या पालीला विष नसतं. तिच्या विष्ठेत रोगजंतू असू शकतात, म्हणून ती दुधात पडली तर दूध ओतून द्यावं. पण ज्या उत्साहाने आम्ही तिला जहाल ठरवतो, त्यातही आमचीच शान असते. बिनविषारी प्राण्याला घाबरलो असं कोण सांगेल!

राहता राहिला आमच्या पंथाचा हुकमी एक्का. अंगावर पडते! इथे थोडं थांबावं लागेल, कारण या एका घटनेवर आपल्याकडे शास्त्र उभं आहे. आधी विज्ञान. पालीच्या जातकुळीतला टोके नावाचा मोठा गडी घेऊन अमेरिकन संशोधकांनी त्याच्या तळव्यांवरच्या सूक्ष्म केसांची ताकद २००० साली मोजली. एकेका पावलावर असे सुमारे पाच लाख केस, प्रत्येकाच्या टोकाला शेकडो फाटे. डिंक नाही, चोषक नाही. नुसत्या अणुरेणूंच्या आकर्षणावर तो लटकतो, आणि सगळे केस एकदम चिकटले तर हिशेबाने शंभर किलोंहून अधिक भार पेलेल. कोरड्या टेफ्लॉनवर मात्र त्याचा पाय ठरत नाही, म्हणजे घराच्या छताला नॉनस्टिक तव्याचा थर द्यायचा विचार कुणाच्या मनात असेल तर त्याने तो काढून टाकावा. ज्या छतावर ती भक्कम बसली आहे तिथून सहसा पडायची नाही. ती पडते भांडणात, भक्ष्यावर झेप घेताना, आणि मुख्य म्हणजे आपण खालून झाडूचं टोक ढोसतो तेव्हा. पडल्यावरही तिची पहिली धाव आपल्यापासून लांब असते. शेपूट तोडून ती वळवळत मागे टाकते ते आपलं लक्ष त्या तुकड्यावर राहावं म्हणून. भेट लांबवायची असती, तर तिने अवयवदान केलं नसतं.

आता शास्त्र. पंचांगात पल्लीपतनाची फळं दिलेली असतात. पाल कोणत्या अवयवावर पडली म्हणजे काय होणार, त्याची अवयववार यादी. डोकं, कपाळ, कान, खांदा, पोट, गुडघा असं करत ती पायाच्या बोटांपर्यंत उतरते. कुठे धनलाभ, कुठे कलह, कुठे प्रवास. पुरुषाची उजवी बाजू शुभ, बाईची डावी. शिवाय सरडा अंगावर चढला तर त्याचं कोष्टक आहेच. मला या यादीचं अतोनात कौतुक आहे, कारण माझा मुद्दा यापेक्षा चांगला कुणीही मांडलेला नाही. कल्पना करा, दहा ग्रॅमचा एक जीव, दुपारची वेळ, चिलटाचा अंदाज चुकलेला, पाय घसरलेला. खाली कोण बसलंय, पुरुष की बाई, डावं की उजवं, याचा त्याला पत्ता नाही. आणि खाली बसलेला मनुष्य अंग झटकता झटकता ओरडतो, 'उजव्या खांद्यावर! पंचांग आणा!' आकाशातल्या नवग्रहांना कामाला लावून आमचं भागलं नाही, म्हणून छतावरच्या पालीलाही आम्ही आमच्याच भविष्याची पोस्टमन केली. अशुभ फळ निघालं तर अंगावरच्या वस्त्रांसकट स्नान सांगितलं आहे, शांत सांगितली आहे. कांचीपुरमच्या वरदराज पेरुमाळ मंदिरात छताला सोनेरी आणि रुपेरी पाली आहेत. त्यांना हात लावला की पाल पडल्याचा दोष जातो, अशी श्रद्धा. लोक रांगा लावून पालीला हात लावतात. पैसे देऊन लावतील, घरच्या पालीला फुकटही लावणार नाहीत.

पाल बोलली तरी ती आपल्याविषयीच बोलते, हा याच शास्त्राचा पुढचा अध्याय. जाणकार सांगतात की तो आवाज एका पालीने दुसऱ्या पालीसाठी काढलेला असतो. ही भिंत माझी आहे, किंवा येतेस का, एवढाच मजकूर. पण मराठी घरात संभाषणाच्या मध्ये पाल चुकचुकली की जुनी मंडळी बोटाने जमिनीवर टकटक करून 'कृष्ण कृष्ण' म्हणतात. मनात संशय आला तरी तो पालीच्या आवाजात येतो. शंकेची कोकीळ कुणाच्या मनात ओरडलेली नाही. बंगालात तिचं नाव टिकटिकी, आणि तिथे कुणाच्या बोलण्यानंतर ती बोलली की ऐकणारे तिच्याबरोबर 'ठीक ठीक ठीक' म्हणतात. बोलणाऱ्याच्या खरेपणावर शिक्कामोर्तब! तीच पाल, तोच आवाज. बंगाली माणसाला ती सांगते बरोबर, बरोबर, आणि मराठी माणसाला सांगते चूक, चूक. दोन प्रांतांच्या स्वभावाबद्दल इतकं नेमकं निरीक्षण कुठल्या जाड ग्रंथात मिळायचं नाही. तिकडे पाल हे आडनावही असतं. लाल-बाल-पाल म्हणताना आमची छाती फुगते, अंगावर काटा येत नाही. अष्टविनायकांतल्या बल्लाळेश्वराचं गाव पाली, तर 'पालीला जाऊन आलो' हे आम्ही न शहारता सांगतो. तिची थोरली चुलत बहीण घोरपड. सिंहगडाच्या कड्यावर तिला दोर बांधल्याची दंतकथा आम्ही पोरांना अभिमानाने सांगतो आणि घोरपडे हे आडनाव मानाने मिरवलं जातं. बारीक अंगकाठीच्या नातलगाला आपल्याकडे कुणी विचारत नाही, हे माणसांपुरतंच नसावं.

उपायांबद्दल थोडक्यात. मोरपीस, लसणीच्या पाकळ्या, डांबरगोळ्या, अंड्याची टरफलं. मोरपीस कृष्णासाठी लावल्याचं सांगता येतं. टरफलांपायी शाकाहारी घरांत धर्मसंकट उभं राहतं, आणि तेही कुणासाठी, तर जी स्वतःच पणजोबांच्या तसबिरीमागे दोन अंडी घालून मोकळी झाली आहे तिच्यासाठी.

'मग उपचार घे की' हा शेवटचा आक्षेप. उपचार आहे आणि तो चांगला आहे. लार्स-गोरान ऑस्ट या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाने १९८९ साली दाखवलं की अशा भीतीवर एकाच, फार तर तीन तासांच्या बैठकीत बराच उतारा पडतो. आधी चित्र, मग काचेआडून दर्शन, मग जवळ जाणं, मग स्पर्श. प्रत्येक पायरी तुमच्या संमतीने, आणि सोबत एक न हसणारा माणूस. यातलं शेवटचं महत्त्वाचं. आपल्याकडे उपचाराची रूढ पद्धत म्हणजे खिशातून रबरी पाल काढून मानेवर टाकायची आणि घर दणाणून टाकायचं. भितो त्याची थट्टा करणं हा आपण विनोदाचा सर्वांत स्वस्त प्रकार करून ठेवला आहे. भीती निराधार आहे हे भिणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं. तेच तर त्याचं दुखणं असतं. 'त्यात काय घाबरायचंय?' या प्रश्नाचा मला मनापासून राग येतो. त्यात काही नाहीये हे मला कळत नसतं, तर मी घाबरलोच नसतो, सरळ पोलिसांना फोन केला असता. आणि बायका किंचाळतात म्हणून हसणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं की पुरुष किंचाळत नाहीत, ते फक्त 'अगं, जरा इकडे ये' म्हणतात, आवाज शक्य तितका जड करून.

त्या हाकेला ओ देणाऱ्या माणसाला माझ्या सिद्धान्तात जागा नाही, ही त्याची उणीव मी कबूल करतो. प्रत्येक घरात असं एक माणूस असतं. रात्री साडेअकराला अर्धवट झोपेत ते उठतं, पदर खोचतं किंवा लुंगी वर करतं, कोपऱ्यातली केरसुणी उचलतं. आकडेवारी विचारत नाही, उत्क्रांती काढत नाही. 'कुठाय?' एवढंच विचारतं. पालीला न मारता, दारापर्यंत रेटत, 'हं, जा बाई' असं म्हणत बाहेर काढतं आणि दिवा मालवून पुन्हा झोपतं. सकाळी त्याचा उल्लेखही करत नाही. मी एवढा मुद्देसूद माणूस, पण त्या दोन मिनिटांत मला कुणी मुद्दा सांगितला असता तर नको झाला असता.

बाकी सिद्धान्त मला अजूनही पटतो. त्याची एकच अडचण आहे, की तो खरा ठरण्यात थोडा अपमान आहे. घरात मी बोलायला लागलो की बाकीचे मोबाइल बघतात. एक भिंतीवरची तेवढी पापणी न लववता ऐकते असं वाटायचं, तर तिला पापणीच नाही. तेव्हा हे सगळं विवेचन कुणाला मोठ्याने वाचून दाखवलं आणि शेवटच्या वाक्यावर वरून आवाज आलाच, तर तो मराठीत धरायचा की बंगालीत, हे मी अजून ठरवलेलं नाही.