कलम ३१८ क्लासेस

(फळा, टेबल, खुर्ची. जाकिटाच्या खिशाला तीन पेनं लावलेले सर लगबगीनं येतात.)

बसा, बसा. मोबाइल बंद करा. स्वतःच करा, माझ्या हातात देऊ नका.

बाहेर कुणीतरी विचारलं, सर, पाटीवर ३१८ का? अहो, चारशेवीस गेलं! १ जुलै २०२४ पासून न्याय संहिता आली आणि फसवणूक ३१८व्या कलमात जाऊन बसली. पिढ्यान्‌पिढ्या कमावलेलं नाव एका रात्रीत बुडालं. पाटी रंगवायचा खर्च कुणाकडे मागायचा?

असो. धडा पहिला. इंग्रजीत ठगाला म्हणतात 'कॉनमॅन'. कॉन म्हणजे कॉन्फिडन्स. कुणाचा? त्याचा नव्हे, तुमचा!

१८४९. न्यूयॉर्क. विल्यम थॉम्प्सन. (ऐटीत चालत) कपडे उंची, बोलणं गोड. रस्त्यात परक्या माणसाला गाठायचा. "काय, ओळखलं नाहीत?" नाही म्हणायची समोरच्यालाच चोरी! मग अलगद, "उद्यापर्यंत तुमचं घड्याळ माझ्याकडे ठेवाल, एवढा विश्वास आहे का हो माझ्यावर?"

(थांबून) आणि लोक द्यायचे! खिसेकापूला निदान बोटं तरी चालवावी लागतात. इथे गिऱ्हाईकच घड्याळ काढून देतंय, वर 'सांभाळा हं' म्हणतंय. जुलैत असंच एक गिऱ्हाईक रस्त्यात समोर आलं. त्यानं ओळखलं. ह्या वेळी खरंच ओळखलं! थेट पोलीस. वर्तमानपत्रानं बारसं केलं, 'कॉन्फिडन्स मॅन'.

धडा दुसरा. पॅरिस, १९२५. व्हिक्टर लस्टिग. सरकारी साहेब बनून भंगारवाल्यांना भारी हॉटेलात बोलावतो. म्हणतो, आयफेल टॉवर मोडीत काढायचाय, सात हजार टन लोखंड, बोला! एक मासा गळाला लागला, पण मनात पाल चुकचुकली. तेव्हा म्हणे लस्टिगनं टेबलाखालून लाच मागितली. माशाचा जीव भांड्यात पडला. लाच मागतोय? म्हणजे माणूस खात्यातलाच!

पैसे घेऊन लस्टिग पसार. रोज पेपर चाळतो, पण बातमीच नाही. 'मी टॉवर विकत घेतला' हे चौकीत सांगायचं कुठल्या तोंडानं? मग काय, गडी परत पॅरिसला. तोच टॉवर पुन्हा विकायला!

लिहून घ्या. ह्या धंद्यात भांडवल दोनच. आधी गिऱ्हाइकाचा विश्वास, नंतर गिऱ्हाइकाची लाज.

काय म्हणालात? आमच्या क्लासचा निकाल? (छाती फुगवून) आजवर एकाही विद्यार्थ्याची तक्रार नाही!

(अंधार)