हिरव्या पेल्याचे आरोग्य

जिन बेझिल स्मॅश हे पेय हिरवेगार दिसते आणि त्याच्याविषयीचे बहुतेक गैरसमज तिथूनच सुरू होतात. दुधी-पालकाच्या रसाने पहाटे फिरायला जाणाऱ्यांमध्ये हिरव्या रंगाची जी पत निर्माण केली आहे, ती या पेल्याला आयती मिळते. प्रत्यक्षात त्यात ६० मिली जिन असते. ४२.८ टक्क्यांच्या जिनमधले पंचवीसेक मिली मद्यार्क पानांच्या सत्संगाने थेंबभरही कमी होत नाही.

पेयाचे वय फार नाही. २००८ साली हॅम्बुर्गच्या एका बारमध्ये यॉर्ग मायर यांनी ते तयार केले. पाला ठेचून त्यात मद्य ओतण्याचा स्मॅश हा प्रकार मात्र जुना. अमेरिकी बारटेंडर जेरी थॉमस यांच्या १८६२च्या पुस्तकातही तो आहे. तिथे पाला पुदिन्याचा असे.

बेझिल म्हणजे अंगणातली तुळस नव्हे. फालुद्यात फुगणाऱ्या सब्जाचे झाड ते हेच, तुळशीचे चुलत भावंड. तुळशीत लवंगेसारख्या वासाचे युजेनॉल भरपूर असते, त्यामुळे ती वापरल्यास तयार होतो तो सर्दीवरचा काढा, तोही महागडा. शिवाय वृंदावनातली पाने या कामासाठी खुडल्यावर घरात जे घडते, ते पाककृतीच्या कक्षेत येत नाही.

कुंडीतल्या बेझिलचे शेंडे खुडत राहावे. मंजिऱ्या धरू दिल्या की पाने कडवट होतात. खुडलेली पाने फ्रिजमध्ये काळी पडतात; ती देठांसकट पाण्याच्या ग्लासात, बाहेरच ठेवावी.

एका पेल्याला दहा-बारा पाने लागतात. ती २५ मिली लिंबूरसासोबत जाड बुडाच्या भांड्यात ठेचावी. मडलर नसल्यास लाटण्याचे टोक पुरते. पाने जखमी व्हावीत, त्यांची चटणी होऊ नये, हा नियम. मराठी हाताला तो जड जातो, कारण खलबत्ता समोर आला की हा हात लसूण शोधू लागतो. मग जिन, २० मिली साखरेचा पाक आणि भरपूर बर्फ घालून, झाकण घट्ट धरून दहा-पंधरा सेकंद जोरात हलवावे. झाकण सैल असल्यास पेय प्रथम छताला मिळते. शेवटी चहाच्या गाळणीतून ताज्या बर्फावर गाळावे. गाळणी धुतलेली असावी. चहाचा वास जिनवर मात करतो. वर एक शेंडा खोचावा, तो नाकासाठी असतो.

महाराष्ट्रात अशा पेयासाठी वय २५ पूर्ण असावे लागते आणि पिण्याचा परवानाही. १९४९च्या दारूबंदी कायद्याखालचा हा परवाना मिळतो तो आरोग्य राखण्याच्या कारणासाठी. म्हणजे हिरव्या रंगाचा दावा सरकारदरबारीही अगदीच बिनबुडाचा ठरत नाही.

हे पेय करून ठेवता येत नाही. ठेचलेल्या पानांतली विकरे हवेशी संधान बांधतात आणि काही वेळातच हिरव्याचा शेवाळी, मग तपकिरी रंग होतो. म्हणून प्रत्येक पेला मागणीनुसार करावा. चार पाहुण्यांच्या पहिल्या फेरीत चाळीस-पन्नास पाने जातात. दुसऱ्या फेरीला कुंडीत काड्या उरतात, आणि पाहुण्यांना लिंबू-सोडा मिळतो.