गेजमामा

वसमतच्या मोंढ्यात व्यापारी ढिगातलं एक हळकुंड उचलतो, कट्‌कन मोडतो, आतला रंग बघतो, नाकाशी नेतो आणि भाव बोलून मोकळा होतो. 2024 मध्ये वसमत हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, तरी मोंढ्यातल्या नाकाचा मान काही कमी झाला नाही. पाऊस येणार की नाही ते आभाळाकडं बघून, भाजीत मीठ किती ते चिमटीनं, उसाचं वजन मोळी उचलून. गावाचा सगळा कारभार अंदाजावर आणि बराचसा बरोबर चाललेला असतो. अशा गावात गेजमामांनी घर बांधलं. चुकलं कुणाचं, यावर आमच्या गल्लीत अजून एकमत नाही.

मामा पाटबंधाऱ्यात होते. पूर्णा प्रकल्पाच्या कालव्यावर, काठाला रंगवलेल्या पट्टीवर पाणी कुठं टेकलं ते वहीत लिहायचं, ही नोकरी. पाणी शेतात पोचलं का, हा त्यांचा विषय नव्हता. पट्टीवर पोचलं का, हा होता. निवृत्तीनंतर कालवा सुटला, वही सुटली नाही. घरात व्होल्टेज मोजायचं मीटर आहे, गच्चीवर पाऊस मोजायची बाटली आहे, आणि गॅसची टाकी आली की ती ताणकाट्याला टांगल्याशिवाय आत जात नाही. टाकी आणणारा पोरगा आता मामा नांदेडला गेल्याची खात्री करूनच येतो.

मामांच्या तोंडी एकच शब्द. डॉक्टर म्हणाले, "बीपी वाढलंय." मामा म्हणाले, "कशावरून?" डॉक्टरांनी मशीन दाखवलं. मामा म्हणाले, "आन् मशीन बरुबर हाय, ते कशावरून?" त्या डॉक्टरांचं बीपी त्या दिवशी कुणी मोजलं नाही.

अशा माणसाच्या गाडीनं मिसिंग मारायला नको होतं. गाडी म्हणजे मारुती आठशे, एमपीएफआय, परभणी पासिंगची. हिंगोली जिल्हा 1999 ला वेगळा झाला आणि त्याला एमएच 38 मिळालं. पण मामांना तो बदल अजून कच्चा वाटतो, म्हणून त्यांनी एमएच 22 ची गाडी हुडकून घेतली. एप्रिलच्या उन्हात ती दुपारी झटके खाऊ लागली. मिस्त्रीनं मागच्या सीटला कान लावला, चावी फिरवायला लावली, टाकीतल्या पंपाची दोन सेकंदांची घुरघुर ऐकली आणि निकाल दिला.

"पंप गेलाय मामा. नवा टाकावा लागतंय."

"कशावरून?"

"आवाजावरून."

"आवाज किती किलोचा हाय?"

मिस्त्री गप्प. इथं किलो म्हणजे दाब. चौरस सेंटीमीटरला एक किलो. गॅरेजात, ठिबकवर, बॉयलरवर सगळीकडं नुसतं 'किलो'च म्हणतात. कार्ब्युरेटरच्या काळात पंप पाव-अर्धा किलो दाबानं पेट्रोल ढकलायचा आणि कुणी विचारायचं नाही. इंजेक्टरवाल्या अशा गाड्यांना साधारण अडीच-तीन किलो लागतात. पण ते मोजतो कोण? पंप बदलायचा, गाडी चालली तर पंपच होता, नाही चालली तर पुढचं काहीतरी बदलायचं. ही वैद्यकी आपल्याकडं सर्वमान्य आहे आणि तिचा खर्च गिऱ्हाईक करतं.

मामांनी ठरवलं, गेज आपणच बसवायचा.

गेज मिळाला ठिबकच्या दुकानात. शून्य ते सहा किलो, पितळी बूड. मामांनी दुकानदारालाच त्याच्या मालाची माहिती दिली: आत चपटी, वाकवलेली नळी असते, दाब आला की ती सरळ व्हायला बघते आणि काट्याला ओढते, 1849 साली बूर्दों नावाच्या फ्रेंच माणसानं पेटंट घेतलं. दुकानदारानं वीस रुपये कमी केले, ते बूर्दोंच्या आदरापोटी की मामा लवकर जावेत म्हणून, ते मला माहीत आहे. पितळी टी मिळाली, क्लिपा मिळाल्या. पाइप मात्र मामांनी गवंड्याच्या लेव्हलचा घेतला, पारदर्शक. पेट्रोल जाताना दिसावं म्हणून.

तो पाइप बघून मिस्त्री पहिल्यांदा चिडला. "मामा, ह्यो पाण्याचा हाय. पेट्रोलमधी कडक पडंल, क्लिपेतून सुटंल, आन् इंजन गरम असताना सुटला की मग गेजबी नाही आन् मामाबी नाही." त्यानं स्वतः काळा, जाड, पेट्रोलचा पाइप कापून दिला. मामांनी विरोध केला नाही. कारण पटलं की मामा वाद घालत नाहीत. पटणारी कारणं कुणी देत नाही एवढीच त्यांची तक्रार.

बसवण्याचा मुहूर्त रविवारचा. सकाळपासून मामींचा गॅस बंद, देवाचा दिवा बंद, शेजारच्या आजोबांची बिडी बंद. पेट्रोलच्या वाफा अंगणातून सैपाकघरात जातात, हे कशावरून, असं मामींनी विचारून बघितलं. पण तो शब्द त्या घरात एकालाच शोभतो. दाराशी वाळूचं घमेलं. मामांनी पंपाचा फ्यूज काढला, इंजिन चालू करून आपोआप बंद पडू दिलं, म्हणजे लाइनीतला दाब उतरला. मग बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडली, जोडावर फडकं गुंडाळलं आणि पाइप ओढला. चार थेंब पडले. गल्लीतल्या पोरांची निराशा झाली. त्यांना भडका अपेक्षित होता.

खरा तंटा गेज लावायचा कुठं, यावर झाला. मामांना तो स्टिअरिंगपाशी हवा होता. मिस्त्री म्हणाला, पेट्रोलची भरलेली नळी गाडीत माणसांपाशी आणायची नाही म्हणजे नाही. शेवटी बॉनेटच्या मागच्या फटीतून पाइप वर काढून, वायपरशेजारी, काचेच्या बाहेर, गेज ड्रायव्हरकडं तोंड करून उभा केला. तेही चाचणीपुरतंच, नंतर काढायचा या बोलीवर. चावी फिरवली. काटा उठला आणि 2.4 वर थांबला.

आता इतर कुणी म्हटलं असतं, कमी आहे. मामा म्हणाले, "कमी दाखवतोय. पण गेज बरुबर हाय कशावरून?"

दुसरा गेज आणला. तो 2.7 दाखवू लागला. म्हणजे आता मामांकडं दोन आकडे होते आणि झोप नव्हती. त्यांनी दोन्ही गेज पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरवर नेले. तिथला गेज काचेविना होता. मग हळदीच्या हंगामात शेतावर हळद शिजवायचे जे वाफेचे कुकर लागतात, तिकडं गेले. तिथं जाळ विझलेला, बॉयलर थंडगार आणि काटा दोन किलोवर. शेतकरी म्हणाला, "तो नेहमी तिथंच असतोय. आमी वाफंच्या वासावर चालवतो."

इथं मात्र मी मामांच्या बाजूनं. हळकुंड नाकानं कळतं, कोंडलेली वाफ नाकानं कळत नाही. अडकलेला काटा आणि जाम झालेला सेफ्टी व्हॉल्व्ह एकत्र आले की बॉयलर फुटतो आणि माणसं मरतात. मामांनी आपला 2.7 वाला गेज तिथंच बसवून दिला आणि व्हॉल्व्ह उघडून दाखवेपर्यंत जाळ घालू दिला नाही. वर शेतकऱ्याकडून वहीत सही घेतली.

मग निघाली चाचणी: वसमत ते औंढा नागनाथ, भर दुपारी. मामांचे डोळे काट्यावर, मामींचे रस्त्यावर आणि मांडीवर वही. मामी अधूनमधून "म्हैस" एवढंच म्हणत आणि मामा तेवढ्यापुरते वळत. शिरड शहापूरच्या अलीकडं गाडीनं झटका खाल्ला. मामा ओरडले, "लिहा! काटा आधी पडला, मग झटका!" पाठोपाठ काटा पुन्हा 2.4 वर. नागनाथाचं दर्शन मामींनी एकटीनं घेतलं; मामा पार्किंगमध्ये वहीशी.

निष्कर्ष मात्र पक्का निघाला. फिल्टर तुंबला असता तर काटा हळूहळू उतरला असता. ठिणगी चुकत असती तर काटा हललाच नसता. काटा एकदम तळाला जातो आणि एकदम परत येतो, म्हणजे पंपाला करंटच पोचत नाही. मिस्त्रीनं टाकीजवळचं कनेक्टर उघडलं. आत काळी पडलेली, सैल झालेली पिन. ऊन तापलं की सुटायची. पॉलिश पेपर मारला, पिन आवळली, गाडी सुरळीत.

"मी म्हणलो होतो, पंपाकडंच हाय," मिस्त्री म्हणाला.

"पंप गेला म्हणलास. गेला होता करंट."

तेवढ्यावर दोघंही जिंकले. पण मामांचं पुढं अवघड झालं. काटा आता हलेना. रोज सकाळी 2.4, संध्याकाळी 2.4, वहीची दोन पानं एकाच आकड्यानं भरली आणि मामा चिडचिडे झाले. बोलीप्रमाणं गेज उतरवला, तर तो कुकरच्या शिट्टीला बसतो का, हे ते बघू लागले.

तेव्हाच मिस्त्रीनं, मान खाली घालून, गेज दोन दिवस मागितला. एका जीपवाल्याचा पंप बदलायचा होता; बदलण्याआधी म्हटलं बघावं. मामांनी आधी विचारलं, जीप डिझेलची तर नाही ना. नव्या डिझेल गाड्यांच्या रेलमध्ये दाब हजार किलोच्या वर जातो, तिथं हा गेज लावणं म्हणजे आत्महत्या. पेट्रोलची आहे म्हटल्यावर दिनांक, वेळ, काचेची स्थिती असं सगळं नोंदवून गेज दिला. आता दोन दिवसांचे दोन महिने झालेत. मामा रोज दुपारी गॅरेजवर जातात, आपला गेज कुठल्या गाडीला लागलाय ते बघतात, रीडिंग लिहितात, मिस्त्रीच्या प्रत्येक निदानाला "कशावरून?" विचारतात आणि पाच वाजता घरी येतात.

मिस्त्री परवा गेज परत द्यायला घरी आला होता. मामा नव्हते. मामींनी दार अर्धंच उघडलं, त्याच्या हातात डबाभर धपाटे आणि लसणाची चटणी ठेवली आणि म्हणाल्या, "दादा, आवो आसू द्या की तुमच्याकडंच. आन् हरवला तरी सांगू नका, मी दुसरा आणून देते."