मेगाबिटराव

साताऱ्यातला पेन्शनर यवतेश्वरचा घाट चढून आला की किती मिनिटांत चढला ते सांगतो. मेगाबिटराव पेन्शनर आहेत, यवतेश्वरही चढतात, पण खाली आल्यावर सांगतात ते असं : "वर १८० आलं. समर्थ मंदिरापाशी फक्त ४२." नव्या माणसाला वाटतं, साखर सांगतायत. तो काळजीनं विचारतो, "जेवणाआधी की नंतर?" मेगाबिटराव गंभीरपणे म्हणतात, "डाउनलोड."

आता प्रत्येक पेठेत असा एक तरी मेगाबिटराव असतो. आमचे शनिवार पेठेतले. सहकारी बँकेत तीस-पस्तीस वर्षं दुसऱ्यांचे पैसे मोजले, निवृत्तीनंतर मोजायला काही उरलं नाही, म्हणून इंटरनेटचा वेग मोजू लागले, असं लोक म्हणतात. ते खरं नाही. हा आजार जुना आहे आणि तो अमेरिकेतून आला.

२००४ च्या दिवाळीत न्यू जर्सीचे साडू आले ते एक आयपॅक घेऊन. तळहातावर मावणारा संगणक, २०६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, काडीनं टोचून चालवायचा. त्याला वायरलेसचं कार्ड लावायचं तर आधी वेगळं जॅकेट चढवावं लागे, मग त्या जॅकेटात कार्ड. साडूंनी जॅकेट दिलं, ११ मेगाबिटचं कार्ड दिलं, भिंतीवर लावायची वायरलेसची पेटीही दिली. एकच गोष्ट त्यांना देता आली नाही : इंटरनेट. ते टेलिफोनच्या तारेतून, किरकिर आवाज करत, ५६ किलोबिटनं यायचं. म्हणजे कार्ड तारेपेक्षा जवळजवळ दोनशेपट वेगवान. महामार्ग सहापदरी करायचा आणि गाड्या साताऱ्याच्या जुन्या पेठेतल्या बोळात सोडायच्या, तसा प्रकार.

पुढे २००५ मध्ये ब्रॉडबँड आलं. आदल्या वर्षीच्या सरकारी धोरणानं २५६ किलोबिटला ब्रॉडबँड म्हणायचं ठरवलं होतं, तेवढं मिळालं. कोणीही समाधानी झाला असता. मेगाबिटरावांनी ५४ मेगाबिटचं नवं जी-कार्ड मागवलं. लावल्यावर कळलं की पेटी जुनी, ११ ची. ५४ वालं कार्ड तिच्याशी ११ च्याच चालीनं बोलणार. मग पेटी बदलली. मग कळलं की त्या इवल्या यंत्राला ५४ मेगाबिट गिळताच येत नाहीत. पानं हळू उघडत ती त्याच्या स्वतःच्या डोक्यामुळे. बॅटरी मात्र दुपारच्या चहाआधी मान टाकू लागली. आणि हिशेब केला तर ५४ मेगाबिटचं कार्ड २५६ किलोबिटच्या तारेपेक्षा पुन्हा दोनशेपटच वेगवान. प्रगती झाली होती, प्रमाण कायम होतं.

"पण जोडणी ५४ ची दिसतेय ना?" ते म्हणायचे. दिसत होती. मेगाबिटरावांचं सगळं आयुष्य या 'दिसतेय' वर उभं आहे.

आज आयपॅक कपाटात आहे आणि खिशात दोन फोन आहेत. घरात फायबर आलंय, १०० मेगाबिटचं. वाडा जुना, भिंती दगडमातीच्या, हातभर जाडीच्या. पेटी दिवाणखान्यात. तिच्या दोन लहरींपैकी २.४ गिगाहर्ट्झची भिंत कशीबशी ओलांडते, पण तिचा वेग कमी. ५ गिगाहर्ट्झची वेगवान, पण दगड लागला की तिचा दम सुटतो. म्हणून मेगाबिटराव पेटीसमोर पाट मांडून बसतात आणि फोनवर ८६६ चा आकडा बघतात. हा फोन आणि पेटी यांच्यातल्या बोलण्याचा वेग. प्रत्यक्षात हाती लागतो त्याच्या निम्म्याच्या आसपास. आणि बाहेरून येतात १०० च. वहिनी स्वयंपाकघरातून ओरडतात, "अहो, इथे भजन अडकतंय!" मेगाबिटराव उत्तर देतात, "इथे येऊन ऐक. इथे ८६६ आहे."

एरवी त्यांना इंटरनेट लागतं कशाला? सकाळी शुभेच्छांची फुलं, वीजबिल, आणि नातवाशी व्हिडिओ कॉल. फुलांना आणि बिलाला काही किलोबाइट पुरतात, कॉलला एखाददुसरा मेगाबिट. चांगल्यात चांगला सिनेमा पाहिला तरी पंधरा-वीसच्या पुढे भूक जात नाही. पण मेगाबिटराव सिनेमा पाहत नाहीत. ते मोजतात. आणि मोजणी फुकट नसते. ४०० मेगाबिटच्या वेगानं १५ सेकंद मोजलं की ७५० मेगाबाइट खर्च होतात. त्यांचा प्लॅन रोज २ जीबीचा. घराबाहेर पडून पोवई नाक्यावर एकदा, राजपथावर एकदा आणि एसटी स्टँडवर एकदा मोजलं की दिवसाचा कोटा संपतो आणि वेग ६४ किलोबिटवर येतो. म्हणजे ४०० मेगाबिटनं निघालेला माणूस स्टँडवर पोचेपर्यंत पुन्हा किरकिरत्या टेलिफोनच्या काळात.

परवा ते वहिनींना घेऊन सासुरवाडीला, सांगलीला निघाले. एसटीत कंडक्टरच्या हातात नवं अँड्रॉइडचं तिकीटयंत्र. फोनवरून पैसे घेतं, तिकीट काढतं. मेगाबिटरावांनी विचारलं, "यात फोरजी आहे की फाइव्हजी?"

"काका, यात तिकीट आहे. कुठं जायचं ते बोला."

सांगलीच्या मार्केट यार्डात मेव्हण्यांचं हळदीचं अडत दुकान. हंगाम जोरात, पोत्यांच्या थप्प्या, पिवळी धूळ, आणि मेव्हण्यांच्या हातात काच तडकलेला जुना फोन. लाखांचे व्यवहार त्याच्यावर. मेगाबिटरावांनी तिथल्या तिथे वेग मोजून शोक व्यक्त केला : "फक्त सात?"

"दाजी, सौदा निघाला की एवढंच पाठवायचं असतंय : राजापुरी, पोती किती, दर किती. पन्नास अक्षरं. त्याला सात काय, अर्धा पण लई झाला."

"पण समजा, उद्या पाच हजार अक्षरं पाठवायची वेळ आली तर?"

"तर समजायचं, सौदा मोडला."

संध्याकाळी विश्रामबागेतल्या घरी खरी परीक्षा झाली. मेव्हण्यांची मुलगी वालचंद कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकते. मेगाबिटरावांनी वाय-फाय ७ च्या नव्या फोनची माहिती तिच्यापुढे ठेवली. वाय-फाय ७ ची कागदावरची कमाल ४६ गिगाबिट. ती हसली नाही, हे तिचं मोठेपण.

"मामा, तार १०० ची असेल तर तुमचं पान त्या फोनवर एक क्षणही लवकर उघडणार नाही. जिथं सगळ्यात अरुंद, तिथलाच वेग खरा. पण वेगवान फोनचा एक फायदा मात्र आहे."

मेगाबिटराव खुर्चीच्या कडेला आले.

"एका चॅनेलवर एका वेळी एकानंच बोलायचं असतं. जुना फोन तेवढीच माहिती पाठवायला जास्त वेळ घेतो, आणि तोवर घरातले बाकीचे फोन थांबून राहतात. वेगवान फोन पटकन उरकतो, हवा मोकळी करतो आणि त्याचा रेडिओ झोपतो. त्यामुळं बॅटरीही वाचते. म्हणजे वेग आपल्यासाठी कमी, दुसऱ्यांसाठी जास्त. लवकर बोलून लवकर गप्प बसायचं, एवढाच त्याचा गुण."

वहिनी एवढा वेळ शेंगा निवडत होत्या. त्यांनी मान वर केली. "लवकर गप्प बसतो? मग घ्याच. दोन घ्या."

मेगाबिटरावांना टोमणा ऐकू आला नाही. वीस वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या बाजूनं कोणीतरी इंजिनिअरिंग बोललं होतं. २००५ च्या जी-कार्डाचाही न्याय झाला, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. त्या वेळी घरात वायरलेसवर बोलणारं यंत्र एकच होतं आणि हवा मोकळी करून द्यायला दुसरं कोणी नव्हतं, हे भाचीच्या लक्षात आलं. पण ती मोठ्यांचा मान राखते.

साताऱ्याला परतल्यावर त्यांनी पेठेत जाहीर केलं, "मी माझ्यासाठी घेत नाहीये. समाजासाठी घेतोय." नवा फोन आला. पेढे वाटले गेले. आम्ही पेढा तोंडात टाकेपर्यंत त्यांनी समाजासाठी तीनदा वेग मोजला आणि तेवढा वेळ घरातलं सगळ्यांचं इंटरनेट अडवून धरलं. जोडणीचा आकडा मात्र तोच, ८६६. कारण दिवाणखान्यातली पेटी वाय-फाय ५ ची. आता पेटी बदलायची ठरलीय. फोन समाजाचा झाला. पेटी कोणासाठी घ्यायची, एवढं वहिनींना पटवायचं राहिलंय.