नैसर्गिक प्रेमापोटी

मातृपितृभक्तीची कमाल मर्यादा किती असावी, हा प्रश्न आपल्या धर्मशास्त्रकारांनी अनिर्णितच ठेवला होता. तो संसदेने 2007 साली ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थ व कल्याणाचा कायदा करून दरमहा 10,000 रुपयांवर निकालात काढला. ही मर्यादा उठविण्यासाठी 2019 साली विधेयक आले खरे, परंतु मंजूर होण्यापूर्वीच ते कालवश झाले. (विधेयकांनाही वार्धक्य येते, आणि त्यांचीही विचारपूस कोणी करीत नाही.)

याच कायद्याने वृद्धांच्या न्यायाधिकरणापुढे वकिलांस मज्जाव केला आणि चरितार्थाच्या अर्जाचा निकाल नोटीस बजावल्यापासून 90 दिवसांत, फार तर आणखी 30 दिवसांत, लावण्याचे बंधन घातले, हा उपकार मोठाच. मात्र हा न्याय द्यावयाचा कोणी, तर ज्यांच्या मेजावर भूसंपादन, फेरफारांची अपिले, निवडणूक आणि टंचाई ही आधीच ठाण मांडून बसलेली असतात, त्या प्रांतसाहेबांनी!

परंतु खरी मौज बक्षीसपत्रात आहे. राहते घर अपत्याच्या नावे करून देणे आपल्या राज्याने इतके सुलभ केले आहे की, त्या दस्ताचे मूळ मुद्रांक शुल्क अवघे 200 रुपये आहे. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत 'नैसर्गिक प्रेम व आपुलकीपोटी' या ठरीव शब्दांखाली आई अंगठा उमटविते, आणि छायाचित्र निघेपर्यंत चिरंजीव तिची खुर्ची धरून उभे असतात. पुढे तीच आई माजघरातून ओसरीवर आणि ओसरीवरून रस्त्यावर आली म्हणजे कायद्याचे 23 वे कलम तिच्या मदतीस धावते, पण धावता धावता विचारते, "मुलाने सांभाळावे, अशी अट घातली होती काय?" ही अट सिद्ध झाल्यावाचून दस्त रद्द होणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2022 साली सांगितले. अर्थात, ज्या मातेने आनंदाच्या क्षणी पोटच्या पोराविषयी संशय मनात आणला, ती संरक्षणास पात्र. जिने विश्वास ठेवला, ती गुन्हेगार नसली तरी निष्काळजी खासच.

त्याच न्यायालयाने 2 जानेवारी 2025 रोजी थोडी माया दाखविली. मध्य प्रदेशातील एका मातेने मुलाकडून सांभाळण्याचे निराळे वचनपत्र घेतले होते. अट दस्तात नाही म्हणून उच्च न्यायालयाने तिला विन्मुख पाठविले होते. कायदा वृद्धांच्या हिताचा आहे, तेव्हा तो उदार बुद्धीने वाचावा, असे म्हणून सर्वोच्च न्यायालयाने बक्षीसपत्र रद्द केले, मिळकतीचा ताबा देवविला, आणि घर खाली करविण्याचा हुकूम न्यायाधिकरणासही देता येतो, हे स्पष्ट केले.

आता सरकारने सांभाळण्याची अट दस्ताच्या छापील मसुद्यातच घालावी, म्हणजे संशयाचे पातक आईच्या माथी न येता सरकारच्या खाती जमा होईल. तोवर, वाचकहो, अंगठा उमटविण्यापूर्वी ती ओळ दस्तात लिहवून घ्या. आणि त्यावर चिरंजीव रुसले, तर घर आपल्याच नावावर राहू द्या.